उठवायचं राहिलेलं मशीन

अकराला दहा मिनिटं कमी असताना शेवटचं मशीनही गेलं. गेलं म्हणजे वीज गेली असं नाही. पडदा उजळ होता, आतला पंखा फिरत होता. फक्त पडद्याच्या मधोमध एक चौकट आली होती आणि तिच्यात लाल गोलावर पांढरी फुली. ऑपरेटर बाईनं चौकट मिटवली, पुन्हा आत शिरायला गेली. पुन्हा चौकट. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मालकांकडं बघून म्हणाली, "हेही गेलं. लायसन नाही म्हणतंय."

तेवढ्यात फोन वाजला. दोन गल्ल्या पलीकडच्या डायलिसिस सेंटरचा होता. टाकीत एक वाजेपर्यंत पुरेल एवढंच पाणी उरलंय, फार ताणलं तर सव्वा. त्यानंतर खुर्च्यांवरच्या सगळ्यांना मध्येच उतरवावं लागेल. टँकर कुठवर आलाय?

टँकर आमच्याच दारात उभा होता, रिकामा. त्याला हर्सूलकडच्या विहिरीवर भरायला जायचं होतं आणि चिठ्ठीशिवाय तिथं थेंब मिळत नव्हता. चिठ्ठी निघायची ती याच मशीनमधून.

खुर्च्यांवर आठ जण होते. त्यांत माझी थोरली जाऊ होती. मीच तिला सकाळी रिक्षातून नेऊन बसवलं होतं आणि कामावर आले होते. तिथं बसून मी काय करणार होते?

मागच्या खेपेला तिचं डायलिसिस हुकलं होतं. टँकर उशिरा आला म्हणून सेंटरवाल्यांनी कुठलं तरी बोअरचं खारं पाणी टाकीत घेतलं, ते गाळायचं यंत्र बंद पडलं आणि त्या दिवशी कुणाचंच रक्त धुतलं गेलं नाही. तेव्हापासून तिचं तोंड सुजलं होतं, पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. दोन दिवस ती भिंतीला टेकून बसूनच होती, आडवी झाली की धाप लागायची. त्या सकाळी डॉक्टरांनी मला दारात गाठून सांगितलं, आजचे चार तास पुरे झालेच पाहिजेत. मी विचारलं, मध्येच उतरवलं तर? ते म्हणाले, तर मग मला काही सांगता येणार नाही. डॉक्टर असं बोलतो तेव्हा त्याला सगळं सांगता येत असतं.

माझं आणि जावेचं कधी पटलं नाही. पस्तीस वर्षं एका चुलीवर काढली, त्यातली वीस तरी न बोलता. दोघींचे नवरे गेले तेव्हा दोन खोल्या आणि आम्ही दोघी उरलो. पण पटत नाही म्हणून माणसानं मरावं असं काही मला वाटत नव्हतं.

मी त्या टँकरच्या ऑफिसात झाडलोट आणि चहापाणी बघायचे. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळं मराठी वाचता येतं, आकडे येतात, इंग्रजी येत नाही. ऑफिस उस्मानपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर. मी लग्न होऊन शहरात आले तेव्हा आमच्या गल्लीच्या पुढं शेतं लागायची. नंतर बघता बघता बीड बायपासकडं सात-सात, दहा-दहा मजल्यांच्या इमारती उठल्या. प्रत्येकीच्या गच्चीवर काळ्या टाक्या. खाली पाणी आहे का हे आधी कुणी बघितलं नाही. दुष्काळाची ती लागोपाठची वर्षं आली तेव्हा सहाशे फुटांखालून धूळ यायला लागली, धरणात मृतसाठा उरला आणि ऐन पौषात, अंगावर स्वेटर असताना, लोक हंडे घेऊन टँकरची वाट बघायला लागले. मालकांचं घर मूळचं शेतकऱ्याचं. शेत पडीक पडलं तेव्हा त्यांनी दोन टँकर घेतले होते, त्याचे नऊ झाले होते.

आधी चिठ्ठ्या हातानं लिहायचे. मग खोट्या चिठ्ठ्या निघाल्या, पाणी भलतीकडं जायला लागलं आणि वरून हुकूम आला की मशीनमधून निघालेली, काळ्या पट्ट्या असलेली चिठ्ठी असेल तरच टँकर भरायचा. विहिरीवरचा राखणदार त्या पट्ट्यांवर लाल उजेड टाकणारं हत्यार धरायचा, ते टुक वाजलं की मगच चावी फिरवायचा.

मालकांनी त्या दिवशी सगळ्यांत आधी त्यालाच फोन लावला. आजारी माणसांचं पाणी आहे, एवढा एक टँकर सोड, चिठ्ठी मागून पाठवतो. फोनमधून त्याचा आवाज मलाही ऐकू आला. "साब, बिगर चिठ्ठी नक्को. मेरे पहले जो था उसकी नौकरी इसीच में गई." मालकांनी फोन ठेवला. त्याची चूक नव्हती.

आता त्या मशीनांचं सांगते, कारण ते कळायला मला स्वतःला वर्ष लागलं. आमच्या ऑफिसात पाच टेबलांवर पाच मशीनं होती, पण काम त्यांतल्या एकातही होत नव्हतं. काचेच्या खोलीत एक मोठं मशीन होतं, त्याला सर्व्हर म्हणायचे. बाहेर बसलेल्यांनी आपापल्या पडद्यावर काहीही केलं तरी ते घडायचं त्या मोठ्या मशीनच्या पोटात. बाहेरची मशीनं म्हणजे नुसत्या खिडक्या. ऑपरेटर बाईनं मला हे एकदा करून दाखवलं होतं. तिनं एका वस्तीचं नाव अर्धं लिहिलं, समोरचं मशीन सरळ बंद केलं, उठून दुसऱ्या टेबलावर गेली आणि तिथून आत शिरली. तेच अर्धं नाव तिथं उभं होतं, पुढच्या अक्षराची वाट बघत. उरलेलं नाव तिनं तिथं बसून पुरं केलं. मी हातातला झाडू खाली ठेवला आणि म्हणाले, परत दाखव. तिनं परत दाखवलं. मी घरी जाऊन जावेला सांगितलं तर ती म्हणाली, तुला वेड लावतात ती.

तर अशा पाच खिडक्या. दिवाळीच्या सुमाराला त्यांतली पहिली बंद झाली. मशीन चांगलं होतं, हिशेबाचं पान उघडायचं, गाणी लागायची, पण मोठ्या मशीनमध्ये शिरायला गेलं की लाल फुली. गुलमंडीतल्या दुरुस्तीवाल्यानं ते नेलं, आतून धुऊनपुसून आणलं, म्हणाला मशीन ओके आहे. लावलं तर पुन्हा फुली. आठदहा दिवसांनी दुसरं गेलं. मग तिसरं. एकाच दिवशी गेली असती तर काही कळलं असतं, पण ती एकेक करून, मनाला येईल त्या दिवशी जायची, म्हातारी माणसं जातात तशी. पुण्याच्या ज्या कंपनीनं हे सगळं बसवलं होतं तिला फोन झाले. दर वेळी नवाच माणूस बोलायचा आणि बंद करून चालू करा म्हणायचा.

मालकांनी वैतागून एक नवं मशीन आणलं. ते तर एक दिवसही आत गेलं नाही. "नव्या कोऱ्या मशीनला काय रोग झाला?" असं म्हणून ते दिवसभर त्याच्याभोवती फिरत होते. कुणीतरी सांगितलं म्हणून टेबलांची तोंडं पूर्वेला केली. ती टेबलं ओढताना माझी कंबर धरली, बाकी काही फरक पडला नाही. संक्रांतीला एकच खिडकी उरली होती. सगळे जण पाळीपाळीनं त्या एकाच मशीनवर बसून चिठ्ठ्या काढायचे. आणि संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी, अकराला दहा कमी असताना, तीही मिटली.

मी हिशेब केला. हर्सूलला जायला अर्धा तास, भरायला वीस मिनिटं, भरलेला टँकर घेऊन यायला त्याहून जास्त. चिठ्ठी साडेअकराच्या पुढं गेली तर एकच्या आत पाणी येत नाही.

मालकांनी पुण्याला फोन लावला आणि फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. या वेळी बाईमाणूस होतं. आवाजावरून तिशीतली असावी. मालक लगेच तिच्यावर चढले. तीन महिने झाले, तुम्ही लोक झोपा काढता, इथं माणसं मरायला लागलीत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओरडून लायसन मिळत नाही, काका. पाणी किती वाजेपर्यंत पुरेल तेवढं सांगा आणि मला बघू द्या."

मालकांनी आवाज खाली आणून वेळ सांगितली. मी त्यांना असं कुणाचं ऐकताना पहिल्यांदा बघितलं. ती मला तिथंच आवडली.

तिनं ऑपरेटर बाईला एक लहानसा प्रोग्रॅम उघडायला लावला आणि त्यात दिसेल तो नऊ आकड्यांचा नंबर वाचायला सांगितला. तो वाचून झाला आणि पडद्यावरचा बाण आपोआप चालायला लागला. मी चहाचा ट्रे घेऊन मागं उभी होते. मी ऑपरेटर बाईच्या हातांकडं बघितलं. हात मांडीवर होते. बाण इकडून तिकडं जात होता, पानं उघडत होता, मिटत होता, मध्ये थांबून विचार करत होता. देवळात बाया घुमताना मी पुष्कळ बघितल्यात, त्यानं मला कधी काही वाटलं नाही. इथं वाटलं. पुण्यात बसलेल्या कुणा बाईचा हात आमच्या टेबलावर होता आणि तो दिसत नव्हता. ट्रेमधला चहा कुणी घेतला नाही आणि मीही कुणाला घ्या म्हणाले नाही.

ती बोलत बोलत काम करत होती, त्यामुळं माझ्यासारखीलाही कळत होतं. म्हणाली, या मशीनच्या खिशात एक जुना परवाना पडलाय, मुदत संपलेला. तो काढून टाकते आणि नवा मागते. बाणानं काहीतरी पुसलं. मग ती आत शिरायला गेली. चौकट आली, पण या वेळी आतली अक्षरं वेगळी होती. ती माझ्याही ध्यानात आली, कारण आधीच्या दोन ओळी होत्या आणि या तीन.

पुण्याहून कागद चाळल्याचा आवाज आला.

"तुमचं मोठं मशीन ठणठणीत आहे," ती म्हणाली. "पण परवाना ते देत नाही. ते फक्त दारात उभं असतं. कुणी आत यायला लागलं की ते दुसऱ्या एका मशीनला विचारतं, याला घेऊ का? ते दुसरं मशीन परवाना देतं. आणि ते दुसरं मशीन कित्येक आठवडे उत्तरच देत नाही."

मग तिनं सगळं उलगडलं. प्रत्येक मशीनला काही आठवड्यांचा परवाना मिळतो. ज्याची मुदत आधी संपली ते आधी नवा मागायला गेलं आणि रिकाम्या हातानं परत आलं, मग दुसरं, मग तिसरं. नव्या मशीनकडं तर परवाना नव्हताच, म्हणून ते पहिल्याच दिवशी दारातून परतलं. तीन महिने आम्ही मशीनं उलटीपालटी करत होतो आणि एकाही मशीनमध्ये काही बिघाड नव्हता. मी ऐकत राहिले. एवढं सरळ होतं ते.

मी विचारलं, मोठ्या मशीनसमोरच जाऊन बसलं आणि तिथून चिठ्ठी काढली तर? ती म्हणाली, चांगलं विचारलंत, पण त्याचा पासवर्ड लागेल. तो फक्त आमच्या जुन्या हेडक्लार्कला माहीत होता. ते दसऱ्याच्या आठवडाभर आधी निवृत्त होऊन लेकीकडं गेले होते. मालक त्यांना मघापासून फोन लावतच होते, तो लागत नव्हता.

"आमच्या बसवणीच्या कागदावर दोन मशीनं लिहिली आहेत," ती म्हणाली. "दुसरं साधंच आहे, घरी असतं तसलं. कुठं आहे ते?"

मालक म्हणाले, दुसरं काही नाही, एकच आहे. ऑपरेटर बाई ही बसवणी झाल्यावर लागलेली, तिला काही माहीत नव्हतं.

मी म्हणाले, "आहे. हेडक्लार्कच्या टेबलाखाली. मीच बंद केलंय."

सगळे माझ्याकडं वळले. घड्याळात सव्वाअकरा झाले होते, त्यामुळं मी थोडक्यात सांगितलं. इथं जरा नीट सांगते.

मालकांच्या घरी खंडेनवमी कडक. नांगर असो, मोटर असो, की कॉम्प्युटर, त्या दिवशी हत्याराला विश्रांती. टँकर थांबवता येत नव्हते, त्यांच्या चाकांना हळदकुंकू लावून सोडलं, चिठ्ठ्या आदल्या दिवशीच काढून ठेवल्या होत्या. ऑफिसातली मशीनं मात्र बंद करून, पुसून, झेंडू वाहून ठेवायची. आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, ज्याचं हत्यार त्यानंच उठवायचं. दुसऱ्याच्या हत्याराला हात लावायचा नाही, हा त्यांच्या घराचा रिवाज. मोठं मशीन मालकांनी स्वतः उठवायचं, बाकीची ज्याची त्यानं.

हेडक्लार्कच्या टेबलाखाली एक जुनाट डबा होता. त्याला पडदा नव्हता, बटणांची पाटी नव्हती, नुसता एक हिरवा दिवा आणि घुर्र असा आवाज. इतकी वर्षं ते स्वतःच तो बंद करायचे आणि दसऱ्याला येऊन उठवायचे. त्या वर्षी ते नव्हते. बाकीची मशीनं नटून बसली होती आणि हा एकटाच घुरघुरत होता. मला वाटलं, यानंच काय पाप केलंय. मी वाकून त्याचं बटण बंद होईपर्यंत दाबून धरलं, कुंकवाची दोन बोटं ओढली, फूल ठेवलं. दसऱ्याला सगळ्यांनी आपापलं उठवलं. याला धनी नव्हता आणि धन्याशिवाय हात लावायचा नाही. मी लावला नाही. चारआठ दिवसांनी त्याच्यावर जुन्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे रचले, म्हणजे जागा फुकट जायला नको.

मालक म्हणाले, "तीन महिने तुझ्या डोळ्यांदेखत हे चाललंय आणि तू बोलली नाहीस?"

"मला कुणी विचारलं?" मी म्हणाले. "आणि मला तरी काय माहीत, तो काय करतो ते. तुमाला व्हतं का?"

फोनमधून आवाज आला, "काकू, भांडण नंतर. आधी ते चालू करा."

मी गठ्ठे बाजूला फेकले. त्याची वायर जिथं जायची ते भोक नव्या मशीननं बळकावलं होतं. ते उपटून याची लावली. बटण दाबलं. पंख्यानं आधी धूळ ओकली, मग डब्यानं एक लांब भोंगा वाजवला आणि गप्प झाला. दिवा लागला होता, पण पुढं काही होईना. ती म्हणाली, त्याला पडदा लावा, ते काहीतरी विचारत असेल. ऑपरेटर बाईनं नव्या मशीनचा पडदा आणि बटणांची पाटी काढून त्याला जोडली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उभी होती. तिनं ती वाचली. आतला चपटा सेल संपला होता आणि त्याला आजची तारीख माहीत नव्हती. त्याच्या हिशेबानं दहाअकरा वर्षं मागचा दिवस चालला होता.

मी ती तारीख वाचली. आकडे मला येतात. त्या तारखेला माझा नवरा जिवंत होता आणि उस्मानपुऱ्यात नळाला रोज पाणी यायचं. डब्याला त्यानंतरचं काहीच माहीत नव्हतं.

"चुकीच्या तारखेवर ते परवाना देणार नाही," पुण्याची बाई म्हणाली. ती एकेक बटण सांगत गेली, ऑपरेटर बाई दाबत गेली. वर्ष सरकवलं, महिना, दिवस, तास, मिनिटं. शेवटी तिनं बदललेलं जपून ठेवायचं बटण दाबलं आणि डबा पुन्हा सुरू झाला. निळा पडदा आला, नाव विचारायला लागला.

मालक म्हणाले, याचाही पासवर्ड नाही आमच्याकडं.

"नकोच," ती म्हणाली. "त्याच्या आत कुणी जायची गरज नाही. ते जागं असलं की पुरे. पाच मिनिटं थांबा."

ती पाच मिनिटं कशी गेली ते मी सांगत बसत नाही. खाली ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलं होतं. सेंटरचा फोन एकदा येऊन गेला.

मग ती ऑपरेटर बाईला म्हणाली, आता तुम्हीच जा आत. तिनं बटण दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग वस्त्यांच्या नावांची ओळखीची यादी समोर आली. छपाईच्या यंत्रानं घशातून आवाज काढला आणि काळ्या पट्ट्यांची चिठ्ठी बाहेर आली. अकरा सदतीस झाले होते. मालक स्वतः ती घेऊन जिना उतरले.

मी त्या डब्याजवळ उभी राहिले. त्याच्यावर कुंकवाची दोन बोटं वाळून काळी झाली होती. पुण्याची बाई म्हणाली, बाकीचीही लावून बघा. एकेक करून लावली. पहिलं आत गेलं, दुसरं आत गेलं, नवं कोरंही वायर दुसरीकडं खोचून पडदा परत जोडल्यावर आत गेलं. दर वेळी त्या डब्याच्या तोंडावरचा बारीक दिवा लुकलुकायचा, बस. पाच टेबलं, नऊ टँकर, शहराच्या एका अंगाचं पाणी आणि आठ माणसांचं रक्त त्याच्या होकारावर चाललं होतं आणि ते त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं. मी आयुष्यात मोठे साहेब बघितलेत, ज्यांच्या सहीवाचून कागद हलत नाही. ते जागचे हलले की गाव दणाणून सोडतात. यानं तीन महिने गठ्ठ्यांखाली पडून काढले.

पुण्याच्या बाईचे आभार मालकांनी मानले. मी तिला विचारलं, जेवलीस का? ती हसली आणि म्हणाली, अजून नाही, काकू. तिचा फोन परत कधी आला नाही, गरजच पडली नाही.

साडेबाराला मी मालकांना सांगून सेंटरला गेले. ते अडवणार नव्हते, त्यांनाही धीर नव्हता. सेंटरचा माणूस शिडीवर चढून टाकीत काठी घालून बघत होता. ओली किती येते ते बघून खाली उतरायचा, घड्याळ बघायचा, पुन्हा चढायचा. त्यानं सगळ्या मशीनचं पाणी थोडं कमी केलं होतं.

जाऊ डोळे मिटून पडली होती. तिच्या हातातून दोन नळ्या निघाल्या होत्या. एकीतून रक्त बाहेर यायचं, मशीनमध्ये जायचं, धुतलं जायचं आणि दुसरीतून परत आत. अंगातलं सगळं रक्त असं कितीतरी वेळा फिरतं, मला तिथल्या नर्सनं सांगितलं होतं. एका माणसाला एका बैठकीत जेवढं पाणी लागतं तेवढ्यात आमचं घर तीन दिवस निघायचं. मी दर वेळी तिला सोडायला यायचे, पण उभं राहून कधी बघितलं नव्हतं. देवानं दोन मूठभर गुर्दे दिलेत, ते हे काम पाण्याच्या टाकीवाचून आणि विजेवाचून जन्मभर करतात, आणि आपण त्यांचं नावही घेत नाही.

तिनं डोळे उघडले. "काम सोडून कशाला आलीस? पगार काय तुझा बाप देनार हाय?"

"टँकर बघायला आले."

"टँकर रोज बघतीस की."

"आजचा बघायचाय," मी म्हणाले. मग तिला सांगूनच टाकलं. खंडेनवमीला मी बटण बंद केलं, त्याच्यापायी मशीनं बंद पडली, त्याच्यापायी पाणी अडलं.

ती छताकडं बघत म्हणाली, "म्हंजी मला मारायचा बेत तूच केला व्हतास."

"व्हय. पण जमलं नाय."

तिच्या पोटात हसू आलं तसा नर्सनं हात धरला, हलू नका म्हणाली, सुई निघेल. पलीकडच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, काय झालं? जाऊ म्हणाली, काही नाही, ही माझी जाऊ आहे.

एक वाजला. शिडीवरच्या माणसानं काठी बाहेर काढली, ती नुसती टोकाला ओली होती. नर्सनं पहिल्या खुर्चीपाशी जाऊन हातमोजे चढवले. एकाला काढायचं तर सगळ्यांनाच काढायचं होतं, सुरुवात कुठून तरी करायची. तेवढ्यात गल्लीत टँकर मागं घेताना वाजणारी शिट्टी ऐकू आली. शिडीवरचा माणूस उडी मारून उतरला. पाइप टाकीत पडला, आधी हवा आली, मग पाणी. एक वाजून सात मिनिटं झाली होती. नर्सनं हातमोजे काढले.

त्या दिवशी आठ जण खुर्च्यांवर होते. आठही जणांचे चार तास पुरे झाले. सात जण आपल्या पायांनी घरी गेले, एक चाकाच्या खुर्चीतून. त्यांतले तिघे पुढचा पावसाळा यायच्या आत वारले, दुसऱ्या कारणांनी. माझी जाऊ तो उन्हाळा जगली आणि त्यानंतरचे आणखी तीन उन्हाळे.